देनारियस वाचायचा कसा: रोमन चांदीच्या नाण्यांची पहिली ओळख

रोमन नाणं हातात आलं की नवखा माणूस आधी चेहरा बघतो आणि "हा कोण असेल?" म्हणून इंटरनेटवर चित्रं धुंडाळत बसतो. गाडी तिथंच अडते. सम्राट ढीगभर, त्यातले बरेच दाढीवाले, नाणं झिजलेलं, आणि ठसा कोरणाऱ्या कारागिरांचे हात निरनिराळे. त्यामुळे चेहरा शेवटी बघायचा. आधी वजन, मग अक्षरं, मग मागची बाजू आणि सगळ्यात शेवटी नाक-डोळे, या क्रमानं गेलं की बरीचशी नाणी मुकाट्यानं आपली ओळख सांगतात.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवा. नाण्यावर जे कोरलंय ती बातमी नाही, तो दावा आहे. सम्राटाला लोकांनी, त्यातही पगार घेणाऱ्या सैनिकांनी, जे खरं मानावं असं वाटत होतं ते तिथं आहे. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात लीजनमधल्या, म्हणजे रोमन पलटणीतल्या, साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ देनारियस होता, पुढे डोमिशियन या सम्राटानं तो ३०० केला. एवढ्या हातांतून फिरणारी दुसरी कुठलीही वस्तू सम्राटाजवळ नव्हती.

थोडी पूर्वपीठिका

देनारियस म्हणजे रोमचं मुख्य चांदीचं नाणं. ते इ.स.पू. २११च्या आसपास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना सुरू झालं. आधी तो १० 'अस' या तांब्याच्या नाण्यांच्या बरोबरीचा होता, पुढे १६ अस झाला. सोन्याचा एक 'ऑरियस' म्हणजे २५ देनारियस. प्रजासत्ताकाच्या काळात या नाण्यांवर रोमा देवी, घोड्यांचे रथ, टांकसाळीवरच्या अधिकाऱ्याच्या घराण्यातले पराक्रमी पूर्वज असं काहीबाही असे. जिवंत माणसाचा चेहरा मात्र नसे. रोमच्या टांकसाळीत ही चाल ज्युलियस सीझरनं मोडली, इ.स.पू. ४४ साली. त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला. गंमत म्हणजे खून करणाऱ्यांतल्या ब्रूटसनं दोन वर्षांच्या आत स्वतःचाच चेहरा नाण्यावर घातला, आणि मागे दोन खंजीर, मधे मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली मार्चची ती तारीख. हुकूमशहाला मारणाऱ्यालाही चेहऱ्याचा मोह सुटला नाही. तिथून पुढे साडेतीनशे-चारशे वर्षं चांदीवर चेहरेच चेहरे आहेत.

पायरी पहिली: वजन करा, मोजा, कडा बघा

सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा हल्ली स्वस्तात मिळतो. तो, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक टॉर्च, एवढ्यावर काम भागतं.

देनारियसचा व्यास साधारण १७ ते १९ मिलिमीटर, म्हणजे आपल्या एक रुपयाच्या नाण्याहून जरा लहान, पण जाडीला जास्त. ऑगस्टस आणि तायबेरियसचे देनारियस चांगल्या स्थितीत पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरतात. इ.स. ६४मध्ये नीरोनं वजन कमी केलं आणि चांदीचा कसही उतरवला. त्यानंतरचे देनारियस सव्वातीन-साडेतीन ग्रॅममध्ये येतात. झिजलेल्या नाण्याचं वजन थोडं कमी भरणारच, त्याला घाबरू नका. पण अडीच ग्रॅम किंवा पाच ग्रॅम भरला तर थांबा. एक तर तो देनारियस नाही, नाही तर खरा नाही.

नाणं गोल गरगरीत नसेल, चित्र एका बाजूला सरकलं असेल, कडेला चीर असेल, तर नवख्याला ते खोटं वाटतं. खरं तर ही हातानं पाडलेल्या नाण्याची लक्षणं आहेत. तापवलेली चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. घाव जरा तिरका बसला की सम्राटाचं कपाळ नाण्याबाहेर. दोन बाजूंची दिशाही जुळेलच असं नाही, कारण वरचा ठसा हातात धरलेला असे.

पायरी दुसरी: अक्षरं लावा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. लिपी आपल्या ओळखीची आहे, इंग्रजीतली मोठी अक्षरं. फक्त 'यू' नाही, त्याच्या जागी 'व्ही' येतो. 'जे' नाही, त्याच्या जागी 'आय'. शब्दांमधे जागा सोडलेली असेलच असं नाही. मजकूर बहुतेक वेळा डाव्या खालच्या अंगाला, घड्याळात सात वाजतात त्या जागेपासून सुरू होतो आणि काट्यांच्या दिशेनं डोक्यावरून फिरतो. टॉर्च वरून मारू नका, बाजूनं, जवळजवळ नाण्याच्या पातळीत धरा आणि नाणं सावकाश फिरवत राहा. सपाट दिसणाऱ्या जागेतूनही अक्षरांची सावली उमटते.

लॅटिन यायची गरज नाही. सात-आठ संक्षेप पाठ झाले की पुरे. 'आय-एम-पी' म्हणजे इम्पेरातोर, सेनापती या अर्थानं आलेली आणि मग सम्राटाच्या नावालाच चिकटलेली पदवी. 'सी-ए-ई-एस' म्हणजे सीझर. 'ए-व्ही-जी' म्हणजे ऑगस्टस, हे नावही पुढच्या प्रत्येक सम्राटानं पदवी म्हणून लावलं, त्यामुळे ते दिसलं म्हणून पहिला ऑगस्टस समजू नका. 'पी एम' म्हणजे पोंतिफेक्स माक्सिमुस, मुख्य पुरोहित. 'पी पी' म्हणजे पातेर पात्रिए, राष्ट्रपिता. 'टी-आर पी' म्हणजे ट्रिब्यूनचे, जनतेच्या प्रतिनिधीचे, अधिकार, 'सी-ओ-एस' म्हणजे कौन्सुल, रोमचा सर्वोच्च अधिकारी. 'डी-आय-व्ही-व्ही-एस' किंवा 'डी-आय-व्ही-ए' असेल तर ती व्यक्ती तेव्हा हयात नव्हती. मृत्यूनंतर तिला देवत्व दिल्याची ती खूण. 'जी-ई-आर-एम', 'डी-ए-सी', 'पी-ए-आर-टी-एच' ही जिंकलेल्या लोकांवरून घेतलेली बिरुदं: जर्मन, डाशियन, पार्थियन.

साल काढायचं ते ट्रिब्यून आणि कौन्सुल या दोन शब्दांपुढच्या आकड्यांवरून. ट्रिब्यूनचे अधिकार दर वर्षी नव्यानं मिळत आणि आकडा एकानं वाढे, त्यामुळे तो दिसला तर नाणं एका वर्षापर्यंत नेमकं लागतं. कौन्सुलपद मात्र सम्राट मनात येईल तेव्हा घेत. हेड्रियननं तिसरं कौन्सुलपद इ.स. ११९मध्ये घेतलं आणि १३८मध्ये मरेपर्यंत चौथं घेतलंच नाही. त्याच्या नाण्यावर 'कौन्सुल ३' वाचून तुम्हाला जवळपास वीस वर्षांचा पट्टा मिळतो, बस्स. चार हा आकडा बऱ्याचदा चार उभ्या दांड्यांनी लिहिलेला असतो, तेही लक्षात ठेवा.

एक सापळा सांगून ठेवतो. मार्क अँटनीनं ॲक्टियमच्या, म्हणजे पुढे ऑगस्टस झालेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या, लढाईआधी, इ.स.पू. ३२-३१मध्ये, आपल्या सैन्यासाठी भरमसाट देनारियस पाडले. पुढे वल्ह्यांचं जहाज, मागे दोन निशाणांमधे गरुड आणि लीजनचा क्रमांक. त्यावरही 'ए-व्ही-जी' आहे, पण तिथं त्याचा अर्थ ऑगुर, म्हणजे शकुन बघणारा पुरोहित. हे न कळल्यामुळे लोक ही नाणी ऑगस्टसच्या नावावर टाकतात, आणि त्या दोघांत किती प्रेम होतं हे सगळ्यांना माहीत आहे! चांदी जरा हिणकस असल्यामुळे ही नाणी कुणी साठवून ठेवली नाहीत, दोन शतकं चलनात फिरत राहिली. म्हणून आज ती पार गुळगुळीत झालेली सापडतात.

एक नाणं शेवटपर्यंत वाचूया

ट्रेजनचा एक नेहमी दिसणारा देनारियस घ्या. वजन सव्वातीन ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे नीरोनंतरचा. पुढच्या बाजूला उजवीकडे बघणारा, केस कपाळावर सरळ विंचरलेला, दाढी नसलेला माणूस, डोक्यावर पानांची माळ. सात वाजल्याच्या जागेपासून वाचत गेलं की मिळतं: इम्प, ट्रायानो, आउग, गेर, डाक, पी एम, टी-आर पी. म्हणजे इम्पेरातोर ट्रेजन, ऑगस्टस, जर्मनांचा विजेता, डाशियनांचा विजेता, मुख्य पुरोहित, ट्रिब्यूनचे अधिकार असलेला.

नाव 'ट्रायानुस' असं नसून 'ट्रायानो' आहे, 'ट्रेजनला' अशा विभक्तीत. म्हणजे हे वाक्य अर्धंच झालंय. नाणं उलटा. मागे लिहिलंय: कॉस, मग पाचाचा रोमन आकडा, पी पी, एस पी क्यू आर, ऑप्टिमो प्रिंक. पाचव्यांदा कौन्सुल झालेल्या, राष्ट्रपिता असलेल्या सर्वोत्तम प्रमुखाला, रोमची सिनेट आणि जनता यांच्याकडून. दोन्ही बाजू मिळून ही एक अर्पणपत्रिका होते. टांकसाळ सम्राटाच्या ताब्यात, चांदी त्याची, आणि स्तुतीची सही मात्र सिनेट आणि जनतेची. स्वतःची पाठ स्वतः थोपटायची आणि हात दुसऱ्याचा दाखवायचा, ही युक्ती अजून जुनी झालेली नाही.

आता तारीख. पाचवं कौन्सुलपद इ.स. १०३चं, सहावं ११२चं. म्हणजे नाणं १०३ ते १११ मधलं. ट्रिब्यूनच्या अधिकारांपुढे आकडा नाही, ट्रेजनच्या या नाण्यांवर तो नसतोच, त्यामुळे आणखी नेमकं साल अक्षरांतून निघत नाही.

मग चित्र. समजा मागे हत्यारांच्या ढिगावर एक माणूस बसलाय, डोकं हातात, अंगावर पाटलोण. रोमन माणूस पाटलोण घालत नसे. ती परक्यांची खूण. हा डाशियन, म्हणजे आजच्या रुमानियातला, हरलेला. दुसरं डाशियन युद्ध १०६मध्ये संपलं. ट्रेजनच्याच नाण्यांवर आडवी पडलेली डॅन्यूब नदी आहे, 'अरेबिया' नावाची उंटाजवळ उभी बाई आहे आणि हातात चाक धरून रेललेली एक स्त्री आहे, ती म्हणजे ट्रेजननं बांधलेला रस्ता, विया ट्रायाना. रस्त्यालाही बाईचं रूप देऊन नाण्यावर बसवणारी ही मंडळी होती.

पायरी तिसरी: मागच्या बाजूच्या बायका ओळखा

रोमन नाण्यांच्या मागे बहुतेक वेळा एक उभी किंवा बसलेली स्त्री असते आणि नवख्याला सगळ्या सारख्याच दिसतात. इथं आपल्याला मुळीच अडचण यायला नको. वीणा दिसली की सरस्वती, कमळ आणि हत्ती दिसले की लक्ष्मी, हे आपण चेहरा न बघताच सांगतो. तीच नजर इथं वापरा. हातात काय आहे ते बघा.

ऑलिव्हची फांदी असेल तर पाक्स, शांतता. पंख आणि हातात माळ असेल तर व्हिक्टोरिया, विजय. जहाजाचं सुकाणू धरलेली फोर्तुना. तराजू धरलेली एक्विटास, म्हणजे न्यायी व्यवहार. टांकसाळीच्या मालावर हीच सही बरी. वेदीवरून वर आलेल्या सापाला वाटीतून खाऊ घालणारी सालुस, आरोग्य. एका हातात फूल आणि दुसऱ्या हातानं वस्त्राची कड किंचित उचललेली स्पेस, आशा. धान्याची कणसं आणि शेजारी माप असलेली अन्नोना, रोमच्या धान्यपुरवठ्याची देवता. ही दिसली की समजायचं, सम्राट सांगतोय की धान्याची जहाजं येताहेत. खांबाला टेकून आरामात उभी सेकुरितास. चौकोनी पाटी धरलेली लिबेरालितास. ती पाटी जनतेला पैसे वाटताना मोजणीला वापरत. एका हातात फळा-फुलांनी भरलेलं शिंग तर निम्म्या जणींच्या हातात असतं, त्यावरून काही ठरत नाही, दुसरा हात बघायचा.

हेड्रियन फिरस्ता होता, त्याच्या नाण्यांवर प्रांतच बायका होऊन येतात. हिस्पानियाजवळ ससा, आफ्रिकेच्या डोक्यावर हत्तीच्या मुंडक्याचा टोप आणि हातात विंचू, इजिप्तजवळ आयबिस पक्षी. संग्रह कशाचा करावा असं कुणी विचारलं तर मी ही मालिका सांगतो. पण सगळ्या एकदम मिळत नाहीत आणि स्वस्तही नाहीत.

पायरी चौथी: दावा कुठं खोटा पडतो ते बघा

नाणं वाचता यायला लागलं की खरी मजा इथं आहे. ओथो हा सम्राट इ.स. ६९मध्ये जेमतेम तीन महिने टिकला. जानेवारीत आला, एप्रिलमध्ये लढाई हरून आत्महत्या केली. त्याच्या देनारियसच्या मागे काय लिहिलंय? 'रोमन जनतेची सुरक्षितता'. ऑगस्टसनं लियॉनच्या टांकसाळीतून नातवंडांचं नाणं पाडलं: गायुस आणि लुसियस, दत्तक घेतलेली ही दोन पोरं झग्यात उभी, मधे ढाली आणि भाले, भोवती 'भावी कौन्सुल, तरुणांचे नेते'. लुसियस इ.स. २मध्ये गेला, गायुस ४मध्ये. वारस तायबेरियस झाला.

पण मला सगळ्यात बोलकं वाटतं ते प्लॉटिलाचं नाणं. सेप्टिमियस सेव्हेरसनं आपला मुलगा कॅराकॅला याचं लग्न इ.स. २०२मध्ये प्लॉटियानस या बड्या अधिकाऱ्याच्या मुलीशी लावून दिलं. देनारियसच्या पुढे तिचा चेहरा: केस मागे घट्ट ओढून अंबाडा, जेमतेम वयात आलेली मुलगी. मागे दोघं समोरासमोर उभे, उजव्या हातात उजवा हात, अगदी पाणिग्रहण. भोवती दोनच शब्द, 'प्रोपागो इम्पेरी', साम्राज्याचा वंशविस्तार. कॅराकॅलाला ती डोळ्यांसमोर नको होती. तीन वर्षांत त्यानं सासऱ्याला मारवलं, हिला लिपारी बेटावर धाडलं, आणि बाप वारल्यावर, म्हणजे २११नंतर, तिलाही मारून टाकलं. वंशविस्तार म्हणून जगाला दाखवण्यासारखं काही उरलं नाही. याच टांकसाळीतून तिच्या नावानं 'चिरंतन ऐक्य' असं लिहिलेली नाणीही निघाली. नाणं खरं आहे, दावा फसला, आणि आपल्याला दोन्ही एकदम हातात धरता येतात.

पायरी पाचवी: आता चेहरा

नाव वाचून झालंय, आता चेहऱ्याचा उपयोग खातरजमेला. हेड्रियनपासून सम्राट दाढी ठेवायला लागले, त्याआधीचे बहुतेक तुळतुळीत. नीरो वर्षागणिक जाड होत गेला आणि त्यानं ते लपवलं नाही. व्हेस्पेशियनचं टक्कल आणि सुरकुत्या इमानदारीनं कोरल्यात. उलट त्याचाच मुलगा डोमिशियन टकलावरून भारी हळवा होता असं रोमन चरित्रकार सुटोनियस लिहितो, आणि नाण्यांवर त्याचे केस छान कुरळे, दाट. ऑगस्टस ७५ वर्षं जगला. नाण्यावर तो शेवटपर्यंत तरणाबांड. कॅराकॅलाच्या नाण्यांवर गोबऱ्या गालांच्या पोरापासून कपाळाला आठ्या घातलेल्या माणसापर्यंतचा सगळा प्रवास दिसतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत चेहऱ्यावरून सालाचा अंदाज येतो.

डोक्यावर काय आहे तेही बघा. पानांची माळ असेल तर देनारियस. सूर्यकिरणांसारखे टोकदार सुळके असतील आणि नाणं जरा मोठं असेल, तर ते कॅराकॅलानं इ.स. २१५मध्ये काढलेलं नवं नाणं, ज्याला अभ्यासक अँटोनिनियानुस म्हणतात. बायकांच्या बाबतीत खांद्यांखाली चंद्रकोर असेल तर तेच. किंमत बहुधा दोन देनारियसची ठरवलेली, चांदी मात्र दीड देनारियसएवढीच. सरकारनं नफा कमावला आणि तिथून घसरण लागली. सेव्हेरसच्या वेळी देनारियसमध्ये चांदी निम्म्यावर आलीच होती, इ.स. २६०च्या दशकात या नव्या नाण्यात चांदी शेकड्याला काही टक्क्यांवर उतरली, नाणं तांब्याचं आणि वर चकाकीपुरता मुलामा. गॉर्डियन तिसरा (२३८–२४४) याची अँटोनिनियानुस नाणी मात्र अजून बऱ्यापैकी चांदीची, भरपूर मिळणारी आणि नवख्याच्या खिशाला परवडणारी आहेत.

खरं की खोटं

खोटी नाणी दोन जातीची. एक, त्याच काळातली. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवून पाडलेली. वरचा थर कुठं फुटला असेल तर आतून हिरवट-तांबूस गाभा दिसतो. ही दोन हजार वर्षं जुनी लबाडी असल्यामुळे काही जण मुद्दाम गोळा करतात. मात्र विकणाऱ्यानं तसं सांगायला हवं.

दुसरी जात आजची. ओतीव नाण्याला कडेवर जोडाची बारीक रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा दिसतात, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे, आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवर कोरल्यासारख्या मऊ. पाडलेल्या नाण्यात अक्षरांपासून कडेकडे धातू वाहत गेल्याच्या बारीक रेषा असतात, त्या ओतकामात हुबेहूब येत नाहीत. एकाच विक्रेत्याकडे अगदी सारखी सरकलेली, सारख्याच जागी ओरखडा असलेली दोन नाणी दिसली, तर दोन्ही एकाच साच्यातून निघालीत. हातानं पाडलेली दोन नाणी इतकी जुळी नसतात.

घरी करता येण्यासारखी एक चाचणी. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्यात अडकवून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा बाजूला लागू देऊ नका. आता जो आकडा दिसेल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. चांगल्या चांदीचं उत्तर १०.५च्या जवळ येतं, तांब्याचं ९च्या जवळ. ३.४० ग्रॅमच्या नाण्याला पाण्यातला आकडा ०.३२ किंवा ०.३३ यायला हवा. नाणं एवढं लहान की काट्याची बारीक चूकही उत्तर हलवते, म्हणून चार-पाच वेळा करून सरासरी घ्या आणि एवढ्यावर निकाल देऊ नका. सेव्हेरसच्या पुढच्या नाण्यांना तर हा आकडा कमीच येणार.

आपल्या बाजूला आलेली नाणी

भारतात सापडलेल्या रोमन देनारियसमध्ये दोन प्रकार सगळ्यांना मागे टाकतात. एक वर सांगितलेलं गायुस-लुसियसचं, आणि दुसरं तायबेरियसचं, ज्याच्या मागे खुर्चीवर बसलेली, हातात फांदी आणि राजदंड घेतलेली स्त्री आहे आणि भोवती 'पोंतिफ माक्सिम'. बायबलमध्ये येशूसमोर कराचं म्हणून जे नाणं धरलं ते हेच, असं मानतात, आणि त्या गोष्टीपायी बाजारात त्याला उगाच जास्त भाव द्यावा लागतो. कोइमतूरच्या परिसरात आणि तेलंगण-आंध्रात या नाण्यांचे मोठे साठे निघालेत. अक्कनपल्लीच्या एका साठ्यातच दीड हजारांवर देनारियस होते. भारतात पाडलेल्या नकलाही आहेत, त्यांत अक्षरांच्या जागी नुसत्या दांड्या आणि गोल. कारागिराला अक्षर वाचता येत नव्हतं, पण चित्र असल्याशिवाय नाणं खपत नाही हे कळत होतं.

रोमन लेखक प्लिनीनं एक किस्सा दिलाय. सम्राट क्लॉडियसच्या काळात वाऱ्यानं भरकटून श्रीलंकेला लागलेल्या एका रोमन माणसाजवळ देनारियस होते. तिथल्या राजाला काय आवडलं? चेहरे वेगवेगळे असूनही सगळ्यांचं वजन सारखं. आपल्याकडे जुन्या, नीरोच्या आधीच्या नाण्यांची चलती का होती याचं उत्तर बहुधा इथंच आहे.

भडोचच्या बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी उतरत आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा मिळे, असं 'पेरिप्लस' या ग्रीकमधल्या जुन्या समुद्री व्यापाराच्या माहितीपुस्तकात लिहिलंय. त्याच मजकुरात पैठण आणि तेर यांचीही नावं आहेत. तरी महाराष्ट्रात चांदीचे रोमन साठे फारसे निघत नाहीत. ती चांदी वितळवून क्षत्रपांनी, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांनी, आपली नाणी पाडली असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, ती नहपान या क्षत्रप राजाची. त्यावर राजाचा उजवीकडे बघणारा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या नाकावर सातवाहनांची खूण! चेहऱ्याचं राजकारण इथंही कळत होतं. तेरला रोमन नाण्यांच्या नकला चक्क मातीत केलेल्या मिळाल्यात, दोरा ओवून गळ्यात घालायच्या.

विकत घेण्याआधी

कायदा आधी. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या पुरावशेष कायद्यात मोडतं. खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशातून मागवायचं असेल तर पैसे भरण्याआधी कस्टम्सचे नियम विचारून घ्या. शेतात, घराचा पाया खणताना किंवा विहिरीत काही सापडलं तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. "एकच तर आहे" ही सबब चालत नाही.

नाणं कुठून आलं याचा कागद मागा: जुनं बिल, लिलावाचा क्रमांक, आधीच्या संग्राहकाचं पाकीट. हे मोठ्यांनाही सुटलेलं नाही. ब्रूटसच्या त्या खंजिरांच्या नाण्याची सोन्यातली एक प्रत २०२०मध्ये लंडनला विक्रमी किमतीला गेली. तिच्या मालकीचा इतिहास बनावट निघाला आणि २०२३मध्ये ती ग्रीसला परत द्यावी लागली.

पहिलं नाणं म्हणून चकचकीत काही घेऊ नका. ट्रेजन, अँटोनायनस पायस, त्याची बायको फॉस्टिना, सेव्हेरस, ज्युलिया डोम्ना, गॉर्डियन यांच्यापैकी अक्षरं पुरी दिसणारं, थोडं झिजलेलं नाणं घ्या. कॅलिगुला आणि ओथो यांच्या नादी लागू नका. 'स्वस्तात ओथो' दिसला तर तो ओथो नाही.

आणि कृपा करून घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, चांदी उजळायचं द्रावण, काही नको. काळपट थर हेच नाण्याचं संरक्षण आहे, आणि जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, जोर दिला की मोडते. माती असेल तर शुद्ध पाण्यात दोन दिवस भिजवा, मऊ कापडानं टिपा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवलं तर हिरवा चिकट थर येतो. आम्ल नसलेलं कागदी पाकीट बरं.

ओळख पटली की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ओसीआरई या मोफत ऑनलाइन सूचीत जा. तिथं सम्राट, धातू आणि अक्षरं टाकली की तुमच्या नाण्याचा आरआयसी ('रोमन इम्पीरियल कॉइनेज' या प्रमाण सूचीतला) क्रमांक आणि संग्रहालयांतल्या प्रतींची छायाचित्रं मिळतात. तो क्रमांक, वजन, कुणाकडून आणि कधी घेतलं, हे पाकिटावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. विकत न घेताही सराव करता येतो: मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राच्या संस्थेचं संग्रहालय आहे, आणि चेन्नईला एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात दक्षिणेत सापडलेल्या रोमन नाण्यांचा मोठा संग्रह आहे. जाताना भिंग न्या. काचेतून टॉर्च मारायची परवानगी मात्र आधी विचारा.